आधी उभा चढ, मग मोकळा सडा: ग्रुप ट्रेकचं गणित

ऐकण्याऐवजी वाचायला आलेल्यांचंही स्वागत. बोलताना केलेली लांबण कापलीय, बाकी भाग जसाच्या तसा खाली आहे.

आजचा विषय साताऱ्या-सांगलीच्या पोरापोरींच्या जवळचा. पाऊस ओसरायला लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरायला लागतात, 'रविवारी कोण कोण येतंय?' मग बारा-पंधरा जण जमतात. पहिला दीड-दोन तास छातीवर येणारा चढ असतो आणि वर पोचलं की एकदम मैलभर मोकळं, वाऱ्याचं, धुक्याचं पठार. आपल्याकडं त्याला सडा म्हणतात. कासचा सडा, चाळकेवाडीचा सडा, तिकडं चांदोलीच्या जंगलात झोळंबीचा सडा.

चढ आणि सडा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चढावर शरीर दमतं आणि सड्यावर डोकं चुकतं. ग्रुपमध्ये माणसं हरवतात, रुसतात, जखमी होतात, ती बहुतेक वेळा या दोन्हींतला फरक न ओळखल्यामुळं. म्हणून आज चढ, ग्रुप आणि सडा असे तीन तुकडे पाडून बघू.

चढावर नेमकं काय होतं?

आधी थोडं बारावीचं फिजिक्स. घाबरू नका, एकच गुणाकार आहे.

समजा तुमचं वजन ७० किलो आणि सॅक ५ किलोची. तुम्ही ५०० मीटर उंची चढणार. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरच्या आसपास आहे आणि कासचं पठार साधारण १,२०० मीटरवर, म्हणजे शहरातून पठारावर जायचं तर एवढीच उंची चढावी लागते. ७५ किलो ५०० मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा भरते साधारण ८८ किलोकॅलरी. वाचून वाटतं, एवढंच? दोन बिस्किटांत भागलं की!

पण आपलं शरीर फार काही कार्यक्षम इंजिन नाही. खाल्लेल्यातला साधारण पाचवा ते चौथा हिस्साच प्रत्यक्ष वर चढायच्या कामाला येतो, बाकीच्याची उष्णता होते. म्हणजे ८८ साठी ४०० च्या आसपास जाळाव्या लागतात आणि त्यातल्या तीनशेच्या वर नुसती गरमी. ही गरमी बाहेर टाकायचा मुख्य रस्ता म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे फक्त या चढासाठी अर्धा लिटरच्या वर घाम वाळायला पाहिजे.

'वाळायला' हा शब्द महत्त्वाचा. सप्टेंबरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो. टपकलेला घाम शरीर थंड करत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. म्हणून 'आज ऊन नाही, कमी पाणी घेतलं तरी चालेल' हे गणित चुकतं. ढगाळ दमट दिवशीही माणूस तापतो, फक्त त्याला ते उशिरा कळतं.

मग काय करायचं? माणशी तीन लिटर पाणी आणि सोबत ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर. नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम कमी होऊन मळमळ, डोकेदुखी सुरू होते आणि आपण म्हणतो 'पाणी कमी पडलं' आणि अजून पितो. शेंगदाण्याची चिक्की, खारे दाणे, पोळीचा लाडू या आपल्या जुन्या गोष्टी उगाच टिकलेल्या नाहीत. त्यात साखर, मीठ, तेल सगळं बरोबर बसतं.

आणि वेगाचं काय? सोपी कसोटी आहे: चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर वेग जास्त झालाय. पावलं छोटी टाका आणि एका लयीत चला. धावत दहा पावलं आणि मग कंबरेवर हात ठेवून एक मिनिट उभं, असं करणारा वर पोचेपर्यंत संपलेला असतो. आपल्या आज्या डोक्यावर हंडा घेऊन घाट चढायच्या, त्या कधी पळाल्या नाहीत आणि मध्येच थांबल्याही नाहीत.

किती वेळ लागेल?

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा नियम सांगितला, तो आजही वापरतात. मेट्रिकमध्ये सांगायचं तर दर ५ किलोमीटर चालीला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला अजून एक तास.

उदाहरण घेऊ. एकूण चाल १० किलोमीटर, चढ ६०० मीटर. चालीचे दोन तास, चढाचा एक तास, झाले तीन तास. पण हा हिशेब तयारीच्या माणसाचा, चांगल्या वाटेवर, न थांबता. आपल्या ग्रुपमध्ये दोन जण पहिल्यांदा आलेले, एकाचे बूट नवे, तिघांना रील काढायचंय. तेव्हा सरळ दीडपट धरा, वर जेवणाचा वेळ. तीनाचे पाच-साडेपाच तास होतात.

आता यावरून उलटं गणित करा. अंधार किती वाजता पडतो? त्याच्या दोन तास आधी आपण खाली असायला पाहिजे. म्हणजे परत फिरायची वेळ कोणती? ही वेळ पायथ्याला, चहा पिताना, सगळ्यांसमोर ठरवायची. वर गेल्यावर ठरवायची नाही. कारण वर गेल्यावर 'एवढं आलोय तर' हे वाक्य सुरू होतं आणि त्या वाक्यानं भलेभले फसलेत. डोंगर कुठं पळून जात नाही, पुढच्या रविवारीही तिथंच असतो.

वासोट्याला जाऊन आलेल्यांना हे चटकन कळेल. तिथं बामणोलीहून बोटीनं शिवसागर ओलांडून जायचं, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि संध्याकाळच्या आत परत बोटीत बसायचं. आत मुक्कामाला बंदी आहे. बोटवाला वेळ सांगतो म्हणून सगळे पाळतात. जिथं बोटवाला नसतो तिथं आपणच आपला बोटवाला व्हायचं.

ग्रुप म्हणजे रांग असते

आता माझ्या कामाच्या जवळचा मुद्दा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडं एक गोष्ट रोज दिसते: सिस्टीमचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्या भागावरून ठरतो. बाकीचे भाग कितीही पळवा, उपयोग नाही. ट्रेकचंही तसंच. ग्रुप 'पोचला' असं तेव्हाच म्हणायचं जेव्हा शेवटचा माणूस पोचतो.

हे सगळ्यांना पटतं. पण प्रत्यक्षात काय होतं बघा. चौदा जणांचा ग्रुप आहे. पुढचे चार जण दमदार. चढावर चार थांबे ठरलेत. पुढचे प्रत्येक थांब्यावर मागच्यांपेक्षा पाच मिनिटं आधी पोचतात. बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. पाच मिनिटांनी शेवटची व्यक्ती धापा टाकत येते. ती येताच पुढचे उठतात, 'आले का सगळे? चला!'

हिशेब करा. पुढच्यांना चार थांब्यांत वीस मिनिटं विश्रांती मिळाली. शेवटच्या व्यक्तीला किती? शून्य. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळाली नाही. वर पुढचे म्हणतात, 'आम्ही तर प्रत्येक वेळी थांबलो होतो तुझ्यासाठी.' आणि ते खोटंही बोलत नसतात!

ती व्यक्ती पुढच्या थांब्याला अजून पाच मिनिटं मागं पडते. तोंडानं काही बोलत नाही, कारण आपल्यामुळं सगळ्यांना उशीर होतोय ही लाज वाटत असते. पुढच्या वेळी मेसेज आला की उत्तर येतं, 'या रविवारी जमणार नाही रे.' ग्रुपमधून माणसं अशी गुपचूप गळतात. आणि हा नुसता मन दुखावण्याचा प्रश्न नाही. दमलेलं, घाईत असलेलं, न बोलणारं माणूसच उतरताना पाय घसरून पडतं.

यावर उपाय सोपे आहेत.

पहिला: थांब्याचं घड्याळ शेवटचा माणूस बसल्यावर सुरू करायचं. पुढच्यांना दहा मिनिटं झाली असतील, होऊ देत.

दुसरा: सगळ्यात हळू चालणारी व्यक्ती लीडच्या लगेच मागं, दुसऱ्या नंबरला ठेवायची. मागं राहिलं की आपण सुटतोय असं वाटतं आणि माणूस झेपेल त्याच्यापेक्षा जोरात ओढतो. पुढं असलं की लीडला वेग आपोआप कळतो. शिवाय रांगेत एक गंमत असते. पुढच्यानं जरा वेग बदलला की तो बदल मागं जाताना वाढत जातो. हायवेवर एकानं ब्रेक मारला की मागं अर्धा किलोमीटर गाड्या थांबतात ना, तसं. शेपटीला असलेला माणूस कायम एकतर पळत असतो नाहीतर थांबत असतो. नवख्याला तिथं ठेवणं म्हणजे त्याला मुद्दाम दमवणं.

तिसरा: शेपटीला अनुभवी माणूस. हा कुणाच्याही पुढं जाणार नाही, एवढंच त्याचं काम. फर्स्ट एड, जादा टॉर्च, दोरी त्याच्याकडं. कारण अडचण मागं येते आणि पुढच्याकडं असलेली औषधाची पिशवी तिथं काही कामाची नसते.

चौथा: जोरात चालणाऱ्यांना काम द्या. 'हळू चाल' म्हणून कंटाळतात ते. त्यांना मागच्याचं पाणी उचलायला द्या. चार-पाच जण खरंच वेगवान असतील तर त्यांचा वेगळा ग्रुप करा, पण त्यांचाही लीड आणि शेपूट वेगळं, भेटायची जागा आणि वेळ पक्की.

अजून एक गोष्ट, जिच्याबद्दल ग्रुपवर कुणी बोलत नाही. बऱ्याच मुली ट्रेकला पाणी कमी पितात. का? कारण वर आडोसा नसतो आणि थांबायचं कुणाला सांगायचं हा संकोच. सड्यावर तर एक झाडही नसतं. म्हणजे पाणी पुरेसं असूनही त्या अर्ध्या डिहायड्रेट होतात. चढ संपण्याआधी, झाडी असते तिथंच एक ठरलेला थांबा ठेवा. लीडनं 'आता पुढं झाडी नाही, पंधरा मिनिटं थांबतोय' एवढंच म्हणायचं. कुणाला काही मागावं लागत नाही.

सडा म्हणजे काय?

आता चढ संपला. शेवटची घळ चढून आपण वर येतो आणि एकदम आकाश उघडतं.

खालचा सगळा डोंगर काळ्या बेसॉल्टचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खन तयार झालं, तो हा कातळ. त्याच्या डोक्यावर मात्र तांबड्या जांभ्याची टोपी असते. लाखो वर्षांच्या पावसानं वरच्या कातळातली विरघळणारी द्रव्यं धुवून नेली आणि मागं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं राहिली, तो जांभा. फ्रान्सिस बुकनन यानं १८०७ मध्ये मलबारमधला असाच दगड बघून त्याला लॅटराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. कोकणात त्याचे चिरे काढून घरं बांधतात, म्हणजे नाव अगदी चपखल.

या टोपीवर माती काही इंचांची. कुठं तर तेवढीही नाही. मोठं झाड मूळ धरणार कुठं? म्हणून सडा उघडा. पावसाळ्यात खोलगट जागी पाणी साचतं, डिसेंबरनंतर सगळं कोरडं ठणठणीत. जांभा सच्छिद्र, त्यामुळं मुरलेलं पाणी आतून खाली जातं आणि त्याच्या तळाशी चिकणमातीच्या थरावर अडतं. मग ते कड्याच्या बाजूनं झऱ्यासारखं बाहेर येतं. म्हणून हिवाळ्यानंतर सड्यावर पाणी शोधू नका. ते मिळालं तर सड्याच्या जरा खाली, जांभा संपून काळा कातळ सुरू होतो त्या पट्ट्यात मिळतं.

मातीत नायट्रोजनसारखी पोषकद्रव्यंही कमी. मग इथल्या काही वनस्पतींनी भन्नाट तोडगा काढलाय, त्या किडे खातात. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानावर चिकट थेंब असतात, त्याला किडा चिकटतो. सीतेची आसवं हे निळं-जांभळं नाजूक फूल दिसायला अगदी गरीब, पण त्याच्या खाली ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात आणि त्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात.

गेंद, तेरडा, सोनकी, कवला यातली बरीचशी झुडपं एका पावसात उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि मरतात. सगळा संसार तीन-चार महिन्यांत. म्हणजे सप्टेंबरात तुम्ही फुलांच्या गादीवर बसून फोटो काढलात, तर नुसती त्या वर्षीची फुलं नाही, पुढच्या वर्षीचं बीही तुडवलंत.

२०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. यातल्या पहिल्या तीन आपल्या सातारा-सांगलीच्या. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथं परवानगीशिवाय जायचं नाही, आणि हा नियम नुसता कागदावरचा नाही. शिराळ्याकडून चांदोलीत जाताना किंवा बामणोलीकडून कोयनेत जाताना आपण कुणाच्या तरी घरात शिरतोय.

आणि चाळकेवाडी? पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध. पण तिथल्या दगडांखाली राहणारी एक पाल २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी नव्यानं नोंदवली आणि तिच्या शास्त्रीय नावात साताराच घातला, हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. २०१६ मध्ये त्याच पठारावरून एका सरड्याचं वर्णन झालं, सरडा सुपर्बा. हो, शास्त्रीय नावातलं 'सरडा' हे आपलं मराठीच! नर गळ्याची निळी-काळी-केशरी पिशवी पंख्यासारखी उघडतो. तेव्हा सड्यावर दगड उलथून त्यांच्या उतरंडी रचायचा नाद सोडा. आपल्यासाठी तो दगड, पण कुणाचं तरी छप्पर.

सड्यावर वाट का चुकते?

चढावर वाट एकच असते. दोन्ही बाजूला झाडी, कारवी, कडा. चुकायचं म्हटलं तरी फारसं चुकता येत नाही. सड्यावर वाटा शंभर असतात, कारण त्या गुरांनी पाडलेल्या. म्हैस गवताकडं जाते, तिला तुमच्या गाडीकडं जायचं नसतं. त्यात धुकं आलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. खुणेचं झाड नाही. आणि सडा संपतो तिथं हळूहळू उतार लागत नाही, सरळ कडा लागतो.

सगळ्यात अवघड काम म्हणजे परतीची सोंड किंवा घळ नेमकी शोधणं. वर येताना ती एका जागी आपल्याला वर सोडते, तेव्हा सगळे पुढं बघत असतात. मागं वळून कुणी बघत नाही. म्हणून नियम करा: सड्यावर पाऊल ठेवलं की सगळ्यांनी मागं वळून बघायचं, फोटो काढायचा तर तिथला काढायचा आणि जीपीएसवर ती जागा पिन करायची.

मोबाईलबद्दल दोन-तीन गोष्टी. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशाला लागतं. त्यामुळं नकाशा घरीच डाउनलोड करा आणि वर चढताना ट्रॅक रेकॉर्ड करा, म्हणजे धुक्यात त्याच रेघेवरून परत येता येतं. फोन एअरप्लेन मोडवर ठेवला तरी बहुतेक फोनांत जीपीएस चालतं आणि बॅटरी टिकते, नाहीतर फोन दिवसभर रेंज शोधून दमतो. ओल्या बोटांनी स्क्रीन नीट चालत नाही, म्हणून कोरडा रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि ट्रॅक किमान दोघांच्या फोनवर पाहिजे. एकाच फोनवर सगळा ग्रुप चालला असेल तर तो फोन पडला की सगळा ग्रुप पडला.

नकाशावरच्या समोच्च रेषाही वाचायला शिका. रेषा दाट म्हणजे चढ उभा, विरळ म्हणजे सपाट. रेषांची टोकं उताराच्या दिशेला बाहेर आलेली असतील तर ती सोंड, आणि डोंगराकडं आत घुसलेली असतील तर ती घळ किंवा नाळ. पावसात नाळेतून पाणी आणि दगड येतात, सोंड त्या मानानं सुरक्षित. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

धुकं आलं तर काय? रांग जवळ घ्या, पुढच्याचा आवाज ऐकू येईल एवढं अंतर. डोकी मोजा. कड्याच्या बाजूला जाऊ नका. वाट दिसत नसेल तर थांबा. सड्यावरचं धुकं येतं तसं बऱ्याचदा वाऱ्यानं सरकतंही.

आणि वीज. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबरात, दुपारनंतर ढग भरून येतात. सपाट सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सडा सोडून खाली यायला सुरुवात करा. एकट्या झाडाखाली, पवनचक्कीजवळ किंवा कड्याच्या टोकावर थांबू नका आणि एकमेकांना चिकटून उभं राहू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी नावाचं मोफत अ‍ॅप आहे, ते जवळपासच्या विजेचा इशारा देतं. निघण्याआधी फोनमध्ये टाकून ठेवा.

सगळ्यात धोक्याचं वाक्य

ट्रेकमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य कोणतं? 'तू इथंच बस, आम्ही टोकापर्यंत जाऊन येतो.'

बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. दमलेल्याला विश्रांती मिळेल, बाकीच्यांचं टोक बघून होईल. पण विचार करा. अर्ध्या तासाचे दीड तास होतात. घाम वाळून अंगाला वारा लागतो, बसलेलं माणूस गारठतं. धुकं येतं. त्याच्याकडं नकाशा नसतो, कारण तो लीडच्या फोनवर आहे. पाणीही थोडंच. मग ते उठतं, आवाजाच्या दिशेनं चालायला लागतं. आता ग्रुप परत आला तर ठरलेल्या जागी कुणी नाही.

नियम एकच: सड्यावर कुणी एकटं थांबत नाही आणि एकटं खालीही जात नाही. थांबायचं तर किमान दोघं, त्यातला एक वाट माहीत असलेला, सोबत पाणी, टॉर्च, जाड कपडा, शिट्टी. आणि यासाठी माणसं कमी पडत असतील तर टोक राहू दे.

शिट्टी प्रत्येकाकडं हवी. संकटाचा आंतरराष्ट्रीय इशारा म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, मग पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन. हाक मारून घसा बसतो, शिट्टी धुक्यात लांब जाते. रेंज असेल तर ११२. महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरही आहे, त्याचा नंबर निघण्याआधी सेव्ह करा. आणि गावातल्या लोकांना विसरू नका. पायथ्याच्या शेवटच्या घरात 'मामा, आम्ही चौदा जण वर चाललोय, चारपर्यंत येतो' एवढं सांगून जा. सगळ्यात आधी शोधायला तेच येतात.

तयारी कुठं करायची?

सातारकरांचं बरंय. पहाटे उठून अजिंक्यतारा चढला की झाला सराव. यवतेश्वराच्या घाटात तर २०१२ पासून हिल मॅरेथॉन भरते, रोज कुणी ना कुणी पळतच असतं. सांगलीकरांची अडचण अशी की शहर कृष्णेच्या काठावर, सपाट. पण मिरजेकडून दंडोबाचा डोंगर आहे, वाळवा तालुक्यात मच्छिंद्रगड आहे. तेही जमत नसेल तर बिल्डिंगचा जिना. पण जिना चढण्याइतकाच उतरण्याचा सराव करा. चढताना दम लागतो, पण मांड्या दुखतात त्या उतरताना, कारण तेव्हा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठता येत नाही ते त्यामुळं. उतरताना गुडघा किंचित वाकवून, छोटी पावलं.

पैसे भरून एखाद्या ग्रुपसोबत जाणार असाल तर चार प्रश्न विचारा. किती माणसांमागं एक लीडर? शेपटीला कोण? परत फिरायची वेळ कोणती? पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी आहे का? राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात व्यावसायिक आयोजकांसाठी नोंदणी आहे, त्यामुळं हा प्रश्न विचारणं आगाऊपणा नाही. उत्तर देताना चिडणाऱ्यासोबत डोंगरावर जाऊ नका.

तर मंडळी, या रविवारी निघणार असाल तर सगळं लक्षात राहिलं नाही तरी एवढं करा. पायथ्याला चहा पिताना दोन नावं ठरवा: दुसऱ्या नंबरला कोण चालणार आणि शेवटी कोण चालणार. आणि पहिल्या थांब्यावर, शेवटचा माणूस येऊन बसेपर्यंत कुणी उठू नका. तो बसला, पाणी प्याला, त्याचा श्वास खाली आला की मग म्हणा, 'चला.'

भेटू पुढच्या भागात.